शब्द मध्येंच कां विरतो?

आमच्या पाथर्डीस ‘रेंज’ हा शब्द आतां ‘पाऊस’ या शब्दाइतकाच घरोघर ऐकूं येतो, आणि दोहोंविषयींची तक्रारहि एकाच सुरांतील असते : या आळीस मिळतें तें त्या आळीस मिळत नाहीं. पावसासंबंधानें आपण निदान वाऱ्याची दिशा, ढगांची उंची अशीं चार कारणें तरी बोलून दाखवितों. रेंजसंबंधानें मात्र कंपनीस दोन शब्द ऐकविण्यापलीकडे आपली जिज्ञासा जात नाहीं. ओसरीवर उभें राहिलें असतां स्पष्ट ऐकूं येणारा मुलाचा आवाज एक पाऊल मागें सरतांच तुटतो, आणि तेंच पाऊल पुढें टाकतांच जसाच्या तसा परत येतो. मनोरा हालला नाहीं, डोंगर हालला नाहीं, यंत्रहि तेंच. मग त्या एका पावलांत असें काय घडलें? या प्रश्नाचें उत्तर मनोरंजक तर आहेच; परंतु तें समजल्यानें घरांतील कांहीं गैरसमज आणि क्वचित् एखादें संकटहि टळण्यासारखें आहे, म्हणून त्याचा थोड्या विस्तारानें विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

तीन निरनिराळे दोष

प्रथम एक गोष्ट निवडून घेतली पाहिजे. आवाज तुटला कीं आपण सरसकट ‘रेंज नाहीं’ असें म्हणतों. पण या एका वाक्याखालीं तीन निरनिराळे दोष लपलेले असतात.

पहिला दोष गर्दीचा. नवरात्रांत मोहटादेवीच्या गडावर, किंवा होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत चालणाऱ्या मढीच्या यात्रेंत, मोबाईलवर काड्या पूर्ण दिसतात आणि तरीहि फोन लागत नाहीं. तेथें लहरी पोंचत असतात. मनोऱ्याची एकाच वेळीं इतक्यांशीं बोलण्याची शक्ति संपलेली असते. भरलेल्या एस्टीस जागा नसते, म्हणून रस्ता बंद आहे असें कोणी म्हणत नाहीं.

दुसरा दोष छायेचा. आमच्या तालुक्याच्या दक्षिणेस व पश्चिमेस गर्भगिरीच्या डोंगररांगा असून उत्तरेस शेवगांवकडे जमीन मोकळी होत जाते. माणिकदौंडीकडील खोलगट वस्त्यांत, किंवा नगरकडे जातांना करंजी घाटाच्या एखाद्या वळणावर, मनोरा आणि आपण यांच्यामध्यें सबंध डोंगर उभा राहतो. ही छाया शेंकडों पावलें पसरलेली असते. चार पावलें चालून तिच्यांतून सुटका होत नाहीं.

तिसरा दोष मात्र एका पावलाचा, किंबहुना एका वितीचा आहे. त्यास शास्त्रज्ञ ‘मल्टिपाथ फेडिंग’ म्हणतात. अनेक वाटांनीं आलेल्या लहरींनीं परस्परांचा केलेला क्षय, असा त्याचा अर्थ. हाच आजचा आमचा विषय होय.

झोपाळ्याचा दृष्टान्त

शब्द कसा पसरतो याविषयीं आमच्या नैयायिकांनीं दोन दृष्टान्त दिले आहेत. एक वीचितरंगन्याय, म्हणजे पाण्यावर एका लाटेपासून दुसरी लाट निघते तसा. आणि दुसरा कदंबमुकुलन्याय, म्हणजे कदंबाच्या कळीचे केसर एकदम सर्व दिशांस फुटतात तसा. आमच्या पूर्वजांस बिनतारी विद्या अवगत होती असा निष्कर्ष यावरून कोणी काढूं नये; आम्हीहि काढीत नाहीं. परंतु मनोऱ्यावरून निघणारी विद्युच्चुंबकीय लहर समजण्यास हे दोन्ही दृष्टान्त उत्तम आहेत. ती कदंबाप्रमाणें चोहोंकडे फुटते आणि वीचीप्रमाणें उंचसखल होत पुढें जाते.

आतां विहिरींत खडा टाकून पाहावा. वर्तुळें पसरत जाऊन कांठास लागतात व परततात, आणि परतणाऱ्या लाटा नव्या लाटांस भेटतात. जेथें दोन उंचवटे एकत्र येतात तेथें पाणी दुप्पट उचलतें. जेथें एकाचा उंचवटा दुसऱ्याच्या खळग्यावर पडतो तेथें पाणी निश्चल राहतें. मोबाईलच्या लहरींचें असेंच आहे. मनोऱ्याकडून एक लहर सरळ येते. दुसरी समोरच्या सिमेंटच्या इमारतीवर आपटून येते. तिसरी पत्र्याच्या छपरावरून, चौथी डोंगराच्या खडकाळ उतारावरून, पांचवी घरांतल्याच लोखंडी कपाटावरून. सर्व एकाच शब्दाच्या लहरी. परंतु प्रत्येकीची वाट थोडी कमीअधिक लांब, म्हणून प्रत्येक जण निराळ्या क्षणीं पोंचते.

घरांतील झोपाळा आठवावा. दोन मुलें त्यास झोका देत आहेत. दोघांचा जोर सारखा. झोका पुढें जात असतां दोघांनीं मिळून ढकललें तर तो माडीस टेकतो. पण एक जण ढकलीत असतां दुसरा तितक्याच जोरानें ओढूं लागला, तर दोघांचे श्रम होऊन झोपाळा जागचा हालत नाहीं. दोन सारख्या लहरी जुळून आल्या म्हणजे त्यांची शक्ति एकट्या लहरीच्या चौपट होते. उलट्या आल्या म्हणजे शून्य. शक्ति नष्ट होत नाहीं, ती वितभर पलीकडे जाऊन चौपट झालेली असते. पण आपला मोबाईल त्या वेळीं नेमका शून्याच्या जागीं असतो, एवढेंच आपलें दुर्दैव.

हें अंतर किती? मोबाईलच्या जुन्या ९०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांत लहरीची लांबी सुमारें ३३ सेंटिमीटर असते, आणि असे शून्यवत् खळगे साधारणतः अर्ध्या लांबीच्या, म्हणजे सोळा-सतरा सेंटिमीटरांच्या अंतरानें येतात. वितीहून हें थोडें कमीच. १८०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांत तेंच अंतर सुमारें ८ सेंटिमीटर, म्हणजे आपलीं चार बोटें. ओसरीवरच्या त्या एका पावलाचें रहस्य तें हेंच.

हर्ट्झ यांचा जस्ताचा पत्रा

ही गोष्ट मोबाईलबरोबर जन्मास आली असें मात्र नाहीं. ती बिनतारी लहरींच्या जन्मापासूनच त्यांच्या सोबतीस आहे. जर्मनींतील कार्ल्सरूह येथील तंत्रविद्यालयांत १८८८ सालीं हाइनरिख हर्ट्झ या प्राध्यापकांनीं व्याख्यानगृहाच्या एका भिंतीस जस्ताचा मोठा पत्रा लाविला, आणि दुसऱ्या बाजूनें विद्युल्लहरी त्यावर सोडल्या. हातांत तारेचें एक कडें, त्याच्या दोन टोकांत अगदीं बारीक फट. लहर पोंचली कीं फटींत ठिणगी दिसावयाची. तें कडें घेऊन ते भिंतीपासून दूर जात असतां ठिणगी कांहीं ठिकाणीं तेजस्वी होई, कांहीं ठिकाणीं विझे, पुनः तेजस्वी होई. सरळ आलेली लहर आणि पत्र्यावरून परतलेली लहर यांचा तो झगडा होता. त्या विझण्याच्या जागांमधील अंतर मोजूनच त्यांनीं लहरीची लांबी काढली व अदृश्य लहरींचें अस्तित्व जगास पटविलें. अवघ्या ३६ व्या वर्षीं, १८९४ सालीं, त्यांचा अंत झाला. ज्या दोषावर आज आपण चरफडतों, तो या शास्त्राचा पहिला साक्षीदार आहे.

वाचकांपैकीं पुष्कळांनीं हा दोष डोळ्यांनींहि पाहिलेला आहे. मुंबईचें दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें, आणि पुढें घराघरावर अँटेना उभ्या राहिल्या. त्या काळीं पडद्यावर माणसाच्या उजव्या अंगास त्याचीच एक फिकट छाया दिसे, आणि मुलें त्यास ‘भूत’ म्हणत. तें भूत म्हणजे डोंगरावरून किंवा इमारतीवरून उशिरां आलेली तीच लहर. त्याचा हिशेबहि मांडतां येतो. चित्राची एक ओळ ६४ मायक्रोसेकंदांची. त्यांपैकीं सुमारें ५२ पडद्यावर दिसणाऱ्या. सोयीसाठीं पडदा ५२ सेंटिमीटर रुंद धरला तर एक सेंटिमीटर म्हणजे एक मायक्रोसेकंद. आणि तेवढ्या वेळांत लहर ३०० मीटर जाते. भूत दोन सेंटिमीटर सरकलेलें असेल, तर ती लहर ६०० मीटरांचा वळसा घालून आली असें समजावें. गणिताच्या तासास यापेक्षां रोचक उदाहरण आम्हांस तरी क्वचितच सांपडलें.

दैवाचेंहि गणित

दोन लहरींचा हिशेब सोपा. पण गांवांत पन्नास वाटांनीं पन्नास लहरी येतात, त्यांचें काय? इंग्लंडांतील लॉर्ड रॅले यांनीं १८८० सालींच ध्वनीसंबंधानें असा प्रश्न सोडविला होता : एकाच सुराचीं अनेक कंपनें वाटेल त्या क्रमानें एकत्र आलीं तर त्यांची बेरीज काय होईल? तेंच गणित पुढें मोबाईलच्या लहरींस तंतोतंत लागू पडलें. जेथें मनोरा सरळ दिसत नाहीं आणि केवळ परतलेल्या लहरींवरच भागवावें लागतें, तेथें शंभर जागांपैकीं सुमारें साडेनऊ जागीं शक्ति सरासरीच्या दहाव्या हिश्श्याहून कमी भरते. शंभरांत एका जागीं ती शंभराव्या हिश्श्याहून कमी, आणि हजारांत एका जागीं हजाराव्या हिश्श्याहून कमी. म्हणजे काड्या दाखवितात ती सरासरी. आपल्या कानाशीं असलेला नेमका बिंदु खळगा आहे कीं उंचवटा, हें त्या सांगत नाहींत. ‘चार काड्या असून आवाज तुटतो’ या तक्रारीचें एक उत्तर येथें आहे.

आपण स्थिर असलों तरी खळगा स्थिर असतो असें नाहीं. रस्त्यावरून एखादी मालमोटार गेली कीं परतणाऱ्या लहरींची वाट बदलते व खळगे सरकतात. उलट, आपण गाडींत असलों तर खळगे भराभर ओलांडले जातात. ताशीं ३० किलोमीटर वेगानें घाट चढणारी एस्टी सेकंदास सुमारें ८ मीटर चालते, म्हणजे सोळा-सतरा सेंटिमीटरांचे पन्नास टप्पे. आवाज सेकंदांत कित्येक वेळां उठतो आणि बुडतो. आश्चर्य असें कीं यंत्रास हें भराभर बुडणें सोसवतें. एकाच खळग्यांत स्थिर राहणें सोसवत नाहीं. याचें कारण पुढील उपायांत आहे.

घनपाठ आणि यंत्रांचे उपाय

वेदपाठकांनीं अक्षर न अक्षर राखण्यासाठीं पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ अशा युक्ति योजिल्या. जटापाठांत पहिलें-दुसरें, दुसरें-पहिलें, पुनः पहिलें-दुसरें अशीं पदें गुंफलीं जातात. एका ठिकाणीं चूक झाली तर दुसऱ्या ठिकाणचा पाठ ती पकडतो. मोबाईलच्या दुसऱ्या पिढीच्या पद्धतींत तत्त्वतः असेंच केलें आहे. बोलण्याचा २० मिलिसेकंदांचा तुकडा घ्यावयाचा, त्यांत जास्तीचीं साक्षीदार चिन्हें घालावयाचीं, आणि सर्व चिन्हें आठ निरनिराळ्या खेपांत विखरून पाठवावयाचीं. एखादी खेप खळग्यांत बुडाली तर बाकीच्या खेपांवरून तिचा मजकूर पुनः उभा करतां येतो. परंतु आठहि खेपा एकाच खळग्यांत पडल्या तर साक्षीदारासह वादीहि बुडाला! म्हणून चालणारा मनुष्य तरतो व खांबाला टेकून उभा असलेला बुडतो. त्याच्यासाठीं सेकंदांत सुमारें २१७ वेळां पट्टा बदलण्याचीहि सोय त्या पद्धतींत ठेवलेली आहे. कारण एका लांबीच्या लहरीचा जेथें खळगा, तेथें दुसऱ्या लांबीच्या लहरीचा असेलच असें नाहीं.

दुसरी युक्ति ओळखीच्या श्लोकाची. प्रत्येक खेपेच्या मध्यभागीं २६ चिन्हांचा एक ठराविक पाठ असतो व तो मोबाईलास आधींच मुखोद्गत असतो. तो कसा विकृत होऊन आला हें पाहून यंत्र वाटेंतील प्रतिध्वनींचा अंदाज बांधतें आणि बाकीचा मजकूर त्या अंदाजानें सुधारून घेतें.

तिसरी युक्ति कीर्तनकाराची. दगडी सभामंडपांत आवाज घुमूं लागला कीं अनुभवी कीर्तनकार सावकाश बोलतो. आधींच्या शब्दाचा घुमारा विरला म्हणजे पुढचा शब्द टाकतो. चौथ्या पिढीच्या पद्धतींत एका अतिवेगवान् प्रवाहाचे शेंकडों सावकाश प्रवाह केले आहेत. प्रत्येक चिन्ह सुमारें ६७ मायक्रोसेकंद टिकतें आणि त्याच्या आधीं पावणेपांच मायक्रोसेकंदांची राखीव जागा असते. सुमारें १४०० मीटरांचा वळसा घालून आलेला प्रतिध्वनि त्या राखीव जागेंतच जिरून जातो.

चौथी युक्ति दोन कानांची. १९२७ सालीं खडकी येथून इंग्लंडास बिनतारी संदेश जाऊं लागले व तिकडून येणारे संदेश आमच्या शेजारच्या दौंडास ग्रहण होऊं लागले. लघुलहरींवरील त्या दूरच्या संदेशांस आकाशांतील थरांवरून अनेक वाटांनीं येतांना हाच क्षयरोग जडत असे. १९३० च्या सुमारास अमेरिकेंतील अभियंत्यांनीं एकमेकांपासून दूर उभारलेल्या अनेक आकाशतारांचें ग्रहण एकत्र करून त्यावर तोड काढली. एक तार खोल खळग्यांत असण्याचा संभव शंभरांत एक, तर दोन्ही एकदम असण्याचा दहा हजारांत एक. आज मनोऱ्यावर आणि हातांतल्या मोबाईलांतहि एकाहून अधिक ग्राहक असतात ते यासाठींच.

या युक्तीचा कळस एका भारतीयानें चढविला. आरोग्यस्वामी पॉलराज हे भारतीय नौदलांतील अभियंता. पुढें अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत गेल्यावर १९९० नंतरच्या दशकांत त्यांनीं उलटाच विचार मांडला. वाटा अनेक आहेत हा शाप न मानतां, दोन्ही टोकांस अनेक आकाशतारा लावून प्रत्येक वाटेनें निराळा मजकूर कां पाठवूं नये? आजच्या चौथ्या व पांचव्या पिढीच्या यंत्रांचा पुष्कळसा वेग या कल्पनेवर उभा आहे. २०१० सालीं त्यांस पद्मभूषण व २०१४ सालीं मार्कोनी पारितोषिक मिळालें.

‘नाहीं’ या शब्दाची गोष्ट

इतके उपाय असूनहि शब्द बुडतो, आणि मराठींत तो विशेष घातक रीतीनें बुडतो. आमच्या भाषेंत क्रियापद शेवटीं येतें, आणि नकार तर त्याच्याहि मागून येतो. ‘मी उद्यां येणार नाहीं’ यांतील शेवटचा शब्द अर्ध्या सेकंदाचा; तेवढाच खळग्यांत पडला तर वाक्य तुटल्यासारखें वाटत नाहीं, पुरें वाटतें आणि नेमकें उलट होतें.

आमच्या तालुक्यांतून दसरा-दिवाळीनंतर हजारों कुटुंबें ऊसतोडीस जातात. कर्तीं माणसें कारखान्यावरच्या कोपींत आणि म्हातारीं माणसें लेंकरांसह गांवीं, अशी घराची फाळणी होते. सायंकाळचा फोन हाच त्यांतील धागा. आमच्या परिचयाच्या एका घरीं असेंच झालें. नातवास ताप होता. आजीनें फोनवर सांगितलें, “ताप उतरला नाहीं.” पलीकडे मुलानें ऐकलें, “ताप उतरला.” तो निश्चिंत झाला व मुकादमाकडे सुटी मागावयाची ती त्यानें मागितली नाहीं. इकडे आजी वाट पाहत राहिली, कीं आपण सांगूनहि पोर येत नाहीं. तिसऱ्या दिवशीं शेजाऱ्यांनीं मूल दवाखान्यांत नेलें; देवाच्या दयेनें तें बरें झालें. पण त्या दोन दिवसांत आईनें लेंकास निष्ठुर ठरविलें, आणि पुढें लेंकानें आईस म्हातारचळ लागला असें म्हटलें. दोघांपैकीं कोणीहि खोटें बोललें नव्हतें.

पांढरपेशा घरांतहि हेंच निराळ्या वेषानें चालतें. मुलगा पुण्यास किंवा परदेशांत. फोन मध्येंच मुका झाला कीं आईस वाटतें त्यानें कंटाळून ठेवला, आणि तो तिकडे ‘हॅलो, हॅलो’ करीत असतो. सून ‘बरं’ म्हणाली कीं ‘बरं नाहीं’ म्हणाली, यावर चार दिवस अबोला!

म्हणून वाचकांस, विशेषतः वडीलधाऱ्या मंडळींस, आमच्या चार सूचना आहेत. आवाज तुटूं लागला तर जोरानें ओरडूं नये. त्यानें लहरीस कांहींच बळ येत नाहीं. वितभर ते दोन पावलें जागा बदलावी, आणि लोखंडी कपाटापासून व पत्र्याच्या भिंतीपासून दूर, खिडकी, गच्ची किंवा अंगण यांकडे सरकावें. दुसरें, महत्त्वाचा निरोप लहान वाक्यांत दोनदां सांगावा, आणि नकार असेल तर तो आधीं आणावा : “नाहीं, ताप उतरला नाहीं, तूं ये.” ऐकणाऱ्यानेंहि तो स्वतःच्या शब्दांत परत म्हणून दाखवावा. तिसरें, बोलणें साधत नसेल तेथें लेखी निरोप पाठवावा. तो लहान असतो, आणि पोंच मिळेपर्यंत यंत्र तो पुनःपुन्हां पाठवूं शकतें. चौथें, रुग्णवाहिका किंवा डॉक्टर बोलवावयाचा असेल तर प्रथम गांव, मग वस्तीची खूण, मग रोग, असा क्रम ठेवावा. फोन मध्येंच तुटला तरी निदान कोठें जावयाचें तें कळलेलें असतें.

आणि पुढच्या वेळीं दूरचा आवाज अकस्मात् मुका झाला, तर मनांत कांहीं आणण्यापूर्वीं एक पाऊल बाजूस सरून पुनः फोन लावावा. त्या आजीच्या घरीं आतां तशीच रीत पडली आहे. दाराजवळच्या ज्या फरशीवर आवाज ठीक येतो, तिच्यावर नातवानें खडूनें फुली केली आहे, आणि सायंकाळीं आजी त्या फुलीवर येऊन उभी राहते.